रोग जाळणारे उकळेबाबा

सभागृहाबाहेरची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती आणि ज्याच्या त्याच्या हातात झाकणाची बाटली होती. बाटलीत काय, ते विचारू नका. सकाळचं पहिलं!

व्यासपीठावर उकळेबाबा. समोर स्पिरिटचा दिवा, हातातल्या चिमट्यात काचेची नळी. "रोग नळीत उतरवतो आणि भस्म करतो! इस्पितळं काय करतात? नुसत्या सुया टोचतात!"

मामांची पाळी आली. मामा कुलपं दुरुस्त करायचे, आता हाडांतल्या मज्जेच्या कॅन्सरनं कंबर धरून चालत होते. डॉक्टर भाचीनं दिलेल्या गोळ्या त्यांनी आठवड्यापूर्वीच खिडकीबाहेर भिरकावल्या होत्या आणि आज "बघ तर खरं" म्हणत तिलाच इथं ओढून आणलं होतं. नव्या गोळ्या पर्समध्ये घेऊन आलेल्या तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

मामांच्या बाटलीतलं नळीत ओतलं, नळी गरम झाली आणि आतलं पाणी गढूळ झालं. "हा बघा रोग!" बाबा गरजले. मग खळखळून उकळी आली आणि गढूळपणा चक्क नाहीसा झाला.

"गेला गं पोरी, गेला!" मामांना हुंदका फुटला.

मागून एक शिंपी कळवळला, "बाबा, माझं दोनदा उकळलंत, ढग म्हणून येत नाही! मीच काय पाप केलंय?"

"श्रद्धा कच्ची!"

"अहो शिंपीकाका, ढग नाही हे चांगलंच आहे!" भाची ओरडली. पण ऐकतो कोण?

बाबा नळी बादलीत रिकामी करायला वळले. "जळलेला रोग ठेवू नये." भाचीनं झडप घालून ती चिमट्यासकट हिसकावली. "आमच्या मामांचं आहे. राहू दे आमच्याकडे!"

सगळे बघत राहिले. नळी निवत गेली आणि आत पुन्हा ढग जमला.

"नास्तिकाची नजर लागली!" बाबा किंचाळले.

"बरं, मी बाहेर उभी राहते. शिंपीकाका, तुम्ही उकळा आणि निवू द्या."

ती बाहेर गेली. उकळल्यावर ढग विरला, निवल्यावर हजर! शिंप्यानं नळी उंच धरून तो सभेला दाखवला.

भाची आत येऊन मामांशेजारी बसली. "मज्जेतल्या बिघडलेल्या पेशी एकच निरुपयोगी प्रथिन भरमसाट बनवतात. ते लघवीत उतरतं. गरम केलं की साकळतं, उकळलं की विरघळतं, निवलं की पुन्हा साकळतं. बाबा रोग जाळत नाहीत मामा, नुसता दाखवतात. तो तुमच्या हाडातच आहे आणि स्वतःला पोसायला नव्या रक्तवाहिन्या फोडून घेतोय. गोळ्या त्या पेशींना मारतात, वर त्यांची ही रसदही तोडतात."

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे आठवडाभर मीच त्याला जेवू घातलं?"

"हो. समूळ जाईल असं खोटं सांगणार नाही. पण आवरता येईल, आजपासून आवरला तर."

"आणि मला काहीच नाही?" शिंपी हिरमुसला. "एवढ्या लांबून आलो हो!"

भाची सभेकडे वळली. "घरी जा. उपचार सोडू नका. आणि कुणी पुरावाच घाईघाईनं बादलीत ओतायला लागला, तर आधी त्याचा हात धरा. विचारा..."

"भाषण पुरे," मामांनी हात पुढे केला. "गोळी दे."