देवी बारा वाजता जागी होते

पळसदेवच्या शिवेवर सर्जेरावांच्या उसाच्या बांधाला जत्रा लोटली होती. तिथल्या ओल्या मातीत अनवाणी उभं राहिलं की तळपायांना झिणझिण्या येत. कुणाची कंबर मोकळी झाली होती, कुणाची आटलेली म्हैस पान्हावली होती, म्हणे.

“चपला लांब काढा! बारा वाजले की आई जागी होनार!” बांधावर त्रिशूळ रोवून ठाण मांडलेले महाराज ओरडत होते. ते स्वतः लाकडी खडावा घालून त्रिशुळाशेजारी उभे होते. मागे खांबावर हॅलोजनचा फोकस. त्याला ते अखंड ज्योत म्हणत. दुपारी बारा वाजेपर्यंत ती विझलेलीच असे.

जोतीरामांना बहीण द्वारकाबाईनं ओढून आणलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांची नोकरी सरली. कुणी काही विचारलं की ते म्हणत, “पुस्तकात बघून उद्या सांगतो.” द्वारकाबाईच्या नातीचा, श्रेयाचा, पाय प्लास्टर काढल्यापासून अधू होता. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करताना पाय दुखतो म्हणून आजीनं ते बंद केले होते.

बारा वाजले. फोकस मिणमिणला. “आली, आली!” बायका किंचाळल्या. जोतीरामांच्याही पायांना झिणझिण्या आल्या. त्यांनी पाय जुळवले, त्या कमी झाल्या. फाकवले, वाढल्या. त्रिशुळाकडे सरकावं तसा जोर वाढतच गेला. ‘आपलंच काही चुकत असेल,’ त्यांनी मनाशी म्हटलं.

“पोरीला आना! अंगावर घागर ओता, दोनी हातांनी त्रिशूळ धरू द्या. पळत घरी जाईल!”

द्वारकाबाईनं घागर उचलली.

“द्वारके, थांब!” स्वतःचा आवाज ऐकून जोतीरामच दचकले. “महाराज, आधी तुमी खडावा काढा अन् त्रिशूळ धरा.”

“आईची परीक्षा घेतोस व्हय रं म्हाताऱ्या?”

“आईची न्हाय, तुमची.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज काही खडावांवरून उतरेनात.

“सर्जेराव, फोकसची एक वायर फेजला. दुसरी कुठं हाय?” जोतीरामांनी विचारलं.

“त्रिशुळाला की, आबा! न्यूट्रलची वायर हितवर पुरंना. महाराज म्हनले, त्रिशुळालाच अर्थिंग दे. रानात समदे तसंच करत्यात.”

“बटन बंद करा.”

फोकस विझला, झिणझिण्याही थांबल्या. शंभरएक माणसं खाली मान घालून आपापले पाय बघत राहिली.

“आई गेली?” एका बाईनं विचारलं.

“फोकस गेला.”

श्रेयाला लांब उभं करून बटण पुन्हा लावलं. झिणझिण्या हजर! मग ते कायमचं बंद केलं.

“फोकसमधली वीज त्रिशुळातनं जमिनीत उतरते अन् चहूकडं पसरते,” जोतीराम अडखळत सांगू लागले. “त्रिशुळाजवळ विजेचा दाब जास्त, लांब कमी. एक पाय जवळ, एक लांब पडला की तेवढ्या फरकानं वीज अंगातनं जाते. कोरडं लाकूड तिला अडवतं, म्हणून ह्या खडावा. पोरीनं ओल्या अंगानं त्रिशूळ धरला असता तर जीव गेला असता. अन् बारा वाजता जागी होते ती शेतीची लाइट, पाळीपाळीनं येनारी. पुढच्या आठवड्यात ती रात्री येनार.”

“म्हंजी देवीची पाळी बदलनार!” सर्जेराव म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच जाऊन वायर उपटली. महाराज तोवर खडावा खडखडवत जीपपर्यंत पोचले होते.

द्वारकाबाईनं हातातली घागर उसाच्या सरीत रिकामी केली.

संध्याकाळी ओट्यावर श्रेयानं पुन्हा व्यायाम सुरू केले. “आजोबा, पाय नक्की बरा व्हईल?”

“मला ठाऊक न्हाय, बाळ. उद्या बारामतीला जाऊन डॉक्टरांना विचारू.”

महाराजांपाशी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं. वाचकहो, अशा माणसापुढं चपला काढण्याआधी त्याच्या पायांत काय आहे, तेवढं बघून घ्या.