नवरीच्या गाडीची चाकं

"अका, चाकं अशी झाली पाहिजेत की नवरीनं त्यात तोंड बघावं!"

गाडीतून उतरता उतरताच त्या पोरानं फर्मान सोडलं. नवऱ्या मुलाचा मित्र होता तो. त्याच्या मागं आणखी दोन गाड्या, तिन्ही पांढऱ्याशुभ्र, बॉनेटवर फुलं आणि फिती.

"तोंड बघायला नवरीच्या घरी आरसा नाही वाटतं?" मी म्हटलं.

"आपा, तुम्ही आतली धूळ काढा. जीभ नंतर चालवा."

"जीभ चालली की माझे हात भराभर चालतात. हो बाजूला, आणि बूट झटक आधी."

इस्फारा गावाच्या वेशीबाहेर, जर्दाळूच्या बागांना लागून, आमचं गाड्या धुण्याचं ठिकाण आहे. गाडीची आतली झाडलोट माझ्याकडे. बाहेरून धुणारे दोघे वेगळे. चाकं मात्र गनी-अकांची. अका म्हणजे थोरला भाऊ, सगळे त्यांना तसंच म्हणतात. आठ वर्षं त्यांनी दुसऱ्या कोणाला चाकाला हात लावू दिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कोणाला हौसही नव्हती. गुडघ्यांवर बसायचं, कडक ब्रशनं साबण घासायचा, तपकिरी पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग कोरडं करायचं. मग स्पंजनं 'काळं' लावायचं. ते चकाकीचं औषध, आम्ही त्याला नुसतं काळं म्हणतो. एकच हात द्यायचा. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर थेंबही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर गाडी घसरते. मग थांबायचं, आणि शेवटी कोरड्या फडक्यानं वरचं जास्तीचं टिपून घ्यायचं. टिपलं नाही तर चाक फिरायला लागल्याबरोबर शिंतोडे उडून दारं बरबटतात. गिऱ्हाईक कितीही ओरडो, अका ढिम्म हलायचे नाहीत. "लावणारे गल्लोगल्ली आहेत," म्हणायचे, "टिपणारा शोधून आण."

"नवरी कोणाची रे?" मी गादी झटकत त्या पोराला विचारलं.

"होमिदजान नानवाईची. सबोहत."

अकांचा ब्रश थांबला. मी मनात म्हटलं, होसियत, तुझ्या जिभेला काही हाड? विचारायची काय गरज होती?

सबोहत गनी-अकांची मुलगी. गावात म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे, जवान पोरांना नाही. सोळा वर्षांपूर्वी अका रशियात बांधकामावर गेले. वर्षभरात परत येतो म्हणाले होते. चार वर्षांची पोर आणि बायको झेबो मागं राहिली. एक दिवस आईनं फोनवर कागाळी केली, सून न विचारता माहेरी जाऊन बसलीय. अका चौदाव्या मजल्यावर, बर्फात, दोन दिवसांचे उपाशी, डोकं फिरलेलं. त्यांनी झेबोला फोन लावला आणि तीन वेळा तलाक म्हणून टाकलं. आमच्याकडं त्या काळात असे किती संसार फोनवर मोडले, मोजता यायचे नाहीत. पाच दिवसांनी अकांचं डोकं ठिकाणावर आलं. फोन केला तर सासऱ्यानं उचलला. "तू थुंकलास, आता चाटू नकोस," एवढं बोलून त्यानं ठेवून दिला. पुढं झेबोनं होमिदजानशी लग्न केलं. माणूस सोन्यासारखा. पहाटेपासून तंदुरात हात घालून, नान भाजून त्यानं त्या पोरीला वाढवलं, शिकवलं, नर्स केलं. अका परतले तेव्हा पोर बारा वर्षांची झाली होती आणि होमिदलाच बाप म्हणत होती. अका त्या गल्लीत पुन्हा गेले नाहीत. नान घ्यायलासुद्धा दुसऱ्या टोकाला जायचे.

हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं. आणि महिन्याभरापूर्वी, लग्न ठरल्याचं कानावर आलं तेव्हा, चहा पिताना म्हणाले होते, "होसियत, निकाह लावताना मुल्ला मुलीचं नाव घेतो, पुढं बापाचं. जन्मदात्याचंच घ्यावं लागतं, दुसऱ्याचं चालत नाही. म्हणजे एकदा का होईना, चार माणसांत माझं नाव तिच्या नावाला लागणार."

"तुम्हाला बोलावलंय का?"

"बोलावणं कशाला हवं? नाव तर घेतलं जाईल ना. मला तेवढं पुरे."

मला रडूच आलं होतं. पण मी म्हटलं, "चहा गार होतोय."

आता त्याच मुलीची गाडी त्यांच्या समोर उभी होती. मला वाटलं, उठून जातील. नाही गेले. एकेक चाक त्यांनी असं घासलं की काय सांगू. नखांनी खाचांतली माती काढली. काळ्याचा एक हात दिला. मग पुन्हा स्पंज बुडवला आणि दुसरा हात दिला. मग तिसरा.

"अका, एकच हात ना?" मी हळूच म्हटलं.

"आज राहू दे."

"चला, चला!" तो पोरगा टाळ्या वाजवत आला. "मुल्ला येऊन बसलेत! वा अका, जिंकलंत!" तिन्ही गाड्या भोंगे वाजवत निघून गेल्या. अका वळणापर्यंत बघत उभे राहिले.

मी फडकी धुवायला गोळा करायला लागले. अकांचं टिपायचं फडकं घडी घातलेलं, सकाळी ठेवलं तसंच. एक डाग नाही.

"अका," मी म्हटलं, "टिपलंत का?"

त्यांनी फडक्याकडे पाहिलं. आठ वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

"तीन हात दिलेत," ते म्हणाले. "ओलं आहे अजून. पांढऱ्या झग्यात येईल ती. चाकाला झगा लागला म्हणजे... होसियत, लोक अपशकून म्हणतील. सासरी आयुष्यभर ऐकवतील तिला."

"मी जाते. तुम्ही थांबा."

"माझी चूक आहे. तुला जमायचं नाही ते टिपणं."

मग मीही निघाले. एकट्याला कसं सोडायचं? कलिंगडांची गाडी चालली होती, तिला हात केला.

होमिदजानच्या दारात ही गर्दी! सनई, डफ, नाचणाऱ्या बायका. गाड्या भिंतीला लागून उभ्या होत्या आणि पुढच्या गाडीच्या पांढऱ्या दारांवर काळ्या शिंतोड्यांची नक्षी उमटली होती. अका गुडघ्यांवर बसले आणि टिपायला लागले. कोणी विचारलं नाही. चाकं पुसणाऱ्याला कोण विचारतं? मी पाण्याचा डबा घेऊन दारं पुसायला लागले.

निकाहची खोली रस्त्याच्याच बाजूला. उकाड्यामुळं खिडक्या सताड उघड्या. आत पडद्याच्या एका बाजूला मुल्ला, नवरा, साक्षीदार, दुसऱ्या बाजूला नवरी आणि बायका. वाद्यं थांबली. मुल्लाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"अब्दुलगनीची मुलगी सबोहत, तू या निकाहला राजी आहेस का?"

अकांचा हात चाकावर थांबला. त्यांनी डोळे मिटले. मला त्यांच्याकडं बघवेना, आणि नजरही काढवेना.

आत सगळं शांत. नवरी लगेच बोलत नसते, लाजते, हे सगळ्यांना माहीत असतं. बायका खिदळल्या. कोणीतरी म्हणालं, "भेट द्या, भेट द्या, त्याशिवाय तोंड नाही उघडायची!" मुल्लानं दुसऱ्यांदा विचारलं. अब्दुलगनीची मुलगी सबोहत. पुन्हा शांत. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा पडद्याआडून आवाज आला. बारीक, पण ठाम.

"माझ्या बापाचं नाव घ्या, मग बोलते."

"घेतलं की, बेटा."

"माझा बाप होमिदजान आहे. हा कोण अब्दुलगनी, मी नाही ओळखत."

खिदळणं बंद पडलं. होमिदजानचा घोगरा आवाज आला, "सबोहत, असं नाही बोलू. धर्माचा नियम आहे तो. ज्याचं नाव त्याचंच राहतं, पोरी."

"मग मी नाही बोलणार, बाबा."

कुजबुज सुरू झाली. नवऱ्याकडच्या एका बाईनं आवाज चढवला, "ही भानगड आम्हाला आधी का नाही सांगितली?" मुल्ला म्हणाले, "तो अब्दुलगनी आहे कुठं? हयात असेल तर बोलवा. त्याच्यादेखत बोलू."

अका उठले. मी त्यांची बाही धरली. "कुठं निघालात? अहो, बसा!" बाही सोडवून ते दरवाजातून आत गेले आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. हातात फडकं, गुडघे ओले. होमिदजाननं त्यांना पाहिलं आणि ओळखलं. तो उठायला लागला. अकांनी मान हलवली, नको म्हणून.

"मौलाना," अका म्हणाले, "मी त्या माणसाला ओळखत होतो. रशियात एकत्र काम केलंय आम्ही. तो वारला."

"इन्ना लिल्लाहि," मुल्ला पुटपुटले. "कधी?"

"पुष्कळ वर्षं झाली. मरताना मला म्हणाला होता, माझ्या मुलीला ज्यानं वाढवलं तोच तिचा बाप. तो जे करील त्याला माझा रुकार आहे." आवाज जराही हलला नाही. "एवढा निरोप होता. आज पोचवला."

पडद्याआड काहीतरी खळ्ळकन फुटलं. पेला असावा. झेबोनं सोळा वर्षांनी तो आवाज ऐकला होता, आणि ओळखला नसेल असं मला नाही वाटत. पण तीही बोलली नाही, आणि ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं त्यांनीही माना खाली घातल्या.

म्हातारा मुल्ला बराच वेळ अकांकडं बघत राहिला. त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. मग तो पडद्याकडं वळला. "होमिदजानच्या घरची मुलगी सबोहत, तू या निकाहला राजी आहेस का?"

"राजी आहे," ती म्हणाली.

सनई पुन्हा सुरू झाली. अका बाहेर आले आणि उरलेलं शेवटचं चाक टिपायला बसले. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डबा पुढं सरकवला.

सबोहत बाहेर आली. झेबोनं रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर नान धरला होता आणि खाली मान घालून रडत होती. आया रडतातच, कोणाला वावगं वाटलं नाही. पोर नाकीडोळी अकांवर गेली आहे, आंधळ्यालाही कळावं. गाडीपाशी येऊन ती थांबली. अका बाजूला झाले.

"काका, तुम्हीच ना ते? निरोप आणलेले?"

"हो, बेटा."

"तो माझ्याबद्दल बोलायचा का हो?"

अकांनी फडक्याची घडी घातली. "बोलायचा."

तिनं जरा विचार केला. "त्याच्या कबरीवर कधी गेलात तर सांगा, माझ्या मनात राग नाही. मला तो आठवतच नाही, तर राग कशाचा करू?"

"सांगतो," अका म्हणाले.

तिनं झगा सावरला. तो चाकाला घासून गेला. एक टिपूसही लागला नाही. दार लागलं, भोंगे वाजले, बायकांनी खारका उधळल्या, आणि गाड्या गेल्या.

गर्दी आत जेवायला वळली. होमिदजान एकटा बाहेर राहिला. आत जाऊन पुलावानं भरलेली थाळी घेऊन आला आणि दोन्ही हातांनी अकांसमोर धरली. अका भिंतीशी बसले आणि सगळा पुलाव जेवले. होमिदजान तोवर उभाच होता, नोकरासारखा, हात बांधून.

"अका," शेवटी तो म्हणाला, "तुम्ही हे का..."

"होमिदजान," अका उठत म्हणाले, "लेकीचं लग्न मुबारक. जोडा सुखी राहो."

होमिदजाननं दुवा मागायला ओंजळ पुढं केली. अकांनीही केली. आमीन म्हणून दोघांनी हात चेहऱ्यावरून फिरवले. होमिदजानचे हात खाली आले. अकांचे चेहऱ्यावरच राहिले, बराच वेळ.