सतरा कलमांची गाडी

कुलूपकाकांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, पण गोल्फ कार्ट मात्र त्यांच्याकडे होती. निवृत्तांच्या त्या वसाहतीत मोटारी फाटकाशीच सोडाव्या लागत आणि आतल्या लांबलचक रस्त्यांवर सगळा संसार या बॅटरीच्या गाड्यांवर चाले. काकूंची थोरली बहीण, ताई, वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. काकूंचे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांना ताईकडे जाता यावं म्हणून काकांनी गाडी घेतली. निदान घेताना तरी तसं ठरलं होतं.

काका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. कुणी वस्तू मागितली की ती देणं त्यांच्या जिवावर येई. गाडीचंही तेच झालं. वर्षातले सहा महिने दोघं मुलाकडे, दूरच्या शहरात. तिथे काका गाडीची काळजी करत. इथे आले की पुढच्या सहा महिन्यांसाठी गाडीची तयारी करत. मधे तिच्यात बसायला सवड म्हणून मिळत नसे. "आजच टायर पुसलेत, उद्या जाऊ." "आज रस्ता ओला आहे, चिखल उडेल." काकू बिचाऱ्या चालत ताईकडे जात आणि वाटेत दोनदा कुणाच्या तरी कठड्यावर टेकत. जीव लावायला देवाने एवढी माणसं दिली, तरी माणसाचा जीव अडकावा कुठे, तर सहा बॅटऱ्यांत!

यंदा मात्र ताई माणसं विसरायला लागली होती. भाच्याचा फोन आला. "मावशी, लवकर ये. आई अजून तुला विचारते. किती दिवस विचारेल, सांगता येत नाही."

काकूंनी त्याच आठवड्यात निघायला लावलं. "अहो, पोचल्या पोचल्या ताईकडे जायचं. आणि गाडीनेच. माझ्याच्याने आता चालवत नाही."

"अगं, त्यासाठीच तर सांभाळलीय!" काका म्हणाले.

सांभाळली होती खरं तर शेजारच्या सिस्टरांनी. या निवृत्त नर्स. काकांनी त्यांना शेडची किल्ली आणि सतरा कलमांचा कागद दिला होता. महिन्यातून एकदा बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालावं. आच्छादनाच्या दोऱ्या डावीकडून सोडाव्यात. चार्जरची पिन लावलेली आहे ना, ते बघावं. कलम नववं लाल शाईत: कुठल्याही बटणाला हात लावू नये.

पोचले त्या सकाळी काकांनी आच्छादन काढलं. गाडी आरशासारखी लखलखत होती. काकू ताईसाठी विणलेला स्वेटर पिशवीत घेऊन शेजारी बसल्या. काकांनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली. हूं नाही की चूं नाही.

"सिस्टर!" काका ओरडले. "केलंत काय तुम्ही माझ्या गाडीचं?"

सिस्टर कुंपणापलीकडून आल्या. "पाणी घातलं. पिन बघितली. दोऱ्या डावीकडून सोडल्या, उजवीकडे बघितलंसुद्धा नाही."

"मग मेली कशी?"

"उपाशी मेली. पिन होती हो, पण चार्जरचा दिवा कुठे लागत होता? पहिल्याच रविवारी फोनवर सांगितलं मी. तर म्हणालात, दिव्याचं तुम्ही बघू नका, पिनेचं बघा."

काका हळूहळू भिंतीकडे वळले. शेडला वीज घरातूनच यायची. आणि घराचा मेन स्विच, गावाला जाताना बंद करायचाच म्हणून, त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ओढला होता. दोनदा तपासला होता. वर पेटीला कुलूप घालून किल्ली बरोबर नेली होती.

"नाकात नळी आणि सिलिंडर बंद!" सिस्टर म्हणाल्या. "असा पेशंट ठेवणारा डॉक्टर आम्ही वॉर्डातून हाकलला असता."

"लावतो आता चार्जिंगला," काका पुटपुटले. "नाहीच घेतलं तर बॅटऱ्या बदलू. दोन-चार दिवसांत..."

"दोन-चार दिवस?" काकूंचा आवाज जराही चढला नाही. "ताईकडे तेवढे दिवस आहेत का, ते कितव्या कलमात लिहिलंय?"

काकू उतरल्या.

"चला काकू, माझ्या खटाऱ्यात," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या गाडीचं छत चिकटपट्टीने बांधलेलं, सीट फाटलेली, पण गाडी रोज फिरणारी. काकू पुढे बसल्या.

"मी थांबतो," काका म्हणाले. "शेड उघडी आहे."

"थांबा की," सिस्टर म्हणाल्या. "मयताजवळ कुणीतरी बसायलाच हवं."

गाडी सुरू झाली. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. तेव्हा मात्र शेड तशीच उघडी टाकून काका धावले आणि कसेबसे मागच्या सीटवर चढले. ती सीट उलट्या तोंडाची. आपली लखलखती गाडी लहान लहान होत जाताना त्यांना रस्ताभर बघावी लागली.

ताई दारातच खुर्चीवर बसली होती. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. ताई बघत राहिली.

"धाकटे," ताई म्हणाली, "केवढा उशीर गं!"

काकूंनी तिच्या मांडीवर डोकं टेकलं ते उचललंच नाही. ताईने त्यांच्या केसांतून हात फिरवला, मग गाडीकडे बोट केलं. "आणि पलीकडे तोंड करून बसलाय तो कोण?"

"तो होय? तो गाडी सांभाळतो."

"मग त्याला म्हणावं, गाडीला काही होत नाही. आत ये."

काका उतरले. उतरताना सिस्टरांच्या गाडीची किल्ली काढून घ्यायला त्यांचा हात सवयीने पुढे गेला होता. तो त्यांनी मधेच वळवला, काकूंची पिशवी उचलली आणि ते आत गेले.