पंख्याजवळचा डाग

होडी उलटली त्या दिवशी नवरा कसाबसा पोहून काठाला लागला. होडी आणि तिच्या मागे लावलेली मोटार मागाहून वर काढली, तोवर खाऱ्या पाण्याने मोटारीची पार रया गेली होती. मेकॅनिकने आतलं काम करून दिलं. बाहेरचं नवऱ्याने स्वतः केलं. मोटार अंगणात टांगून गोड्या पाण्याने धुतली, तारेच्या ब्रशने गंज खरवडला, प्रायमर मारला, वर निळा रंग दिला. बायकोला वाटलं, चला, आता गाडी रुळावर आली.

पण रंग वाळला आणि त्याला मोटारीच्या पाणी कापणाऱ्या पंख्याजवळ डाग दिसला. सगळं खरवडून त्याने पुन्हा रंगवलं. पुन्हा डाग दिसला. शेजारी म्हणाले, "काय नजर आहे माणसाची!" तिचं मात्र डोकं फिरायची वेळ आली.

आज तो परत पॉलिश पेपर घेऊन बसला, तशी ती तरातरा बाहेर आली. "कुठाय डाग? दाखवा बघू."

त्याने बोट ठेवलं. तिथला रंग आरशासारखा लख्ख होता. बोट तेवढं थरथरत होतं.

होडी उलटल्यापासून तो पाण्याकडे फिरकलाच नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. पाण्याची तिला स्वतःला एवढी धास्ती, की उभ्या जन्मात तिने होडीत पाय ठेवला नव्हता. ती आत गेली, चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं.

"उचला ती मोटार. मीही येते."

"अगं, तुला पोहता कुठे येतं?"

"तुम्हाला येतं ना? मग झालं तर."