ताकावर आलेला पंप

ओ ताई, मेथीच्या जुडीला हात लावायच्या आधी जरा इकडं बघा. हो, मीच बोलतोय. फवारणीचा पंप. सोळा लिटरचा, निळ्या अंगाचा, डाव्या बाजूला दांडा आणि उजव्या पट्ट्याला सुतळीची गाठ. विषमुक्त भाजीच्या टेबलावर असलं ध्यान कशाला मांडलंय, असं लातूरचं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. आज मीच सांगून टाकतो. रविवार आहे, तुम्हाला घाई नाही, आणि मला तर आता काहीच काम नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, साच्यातून. आईबाप आठवत नाहीत, सहा महिन्यांची वॉरंटी तेवढी आठवते. पुढं निलंग्याच्या एका दुकानात दोरीला टांगलेला असताना मलप्पा नावाचा शेतकरी आला. त्यानं झाकण उघडून आत डोकावलं, दांडा दहा वेळा हलवला, पट्टे ओढून बघितले. मुलगी बघायला आला होता तेव्हा मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं, असं त्याची बायको महानंदा नंतर सगळ्यांना सांगायची. मग मला मांडीवर घेऊन तो एसटीनं गावी गेला.

त्या दिवसापासून मी प्यायला लागलो. काय काय प्यायलो ते विचारू नका. बाटलीवरची नावं मला वाचता येत नव्हती आणि मलप्पालाही नाही. दुकानदार सांगेल तेवढी टोपणं, आणि वर आपल्या मनाचं समाधान म्हणून आणखी एक. बाटलीवर कवटीचं चित्र असायचं आणि हे लोक त्याला औषध म्हणायचे. महादेव एकदाच विष प्यायला, तर त्याला नीळकंठ म्हणून बेल वाहतात. मी वर्षातून चाळीस वेळा प्यायचो, गळ्यापासून बुडापर्यंत निळा होतो, आणि मला कुणी धड साधं पाणीसुद्धा घालत नव्हतं.

माझं नोझल तुंबलं की मलप्पा ते तोंडात धरून फुंकायचा. मग थू थू करायचा आणि दोन दिवस घरात कुरकुर करायचा, "महानंदा, भाजी कडू करायलीस तू आजकाल." ती बिचारी कारलं केलं नसताना कारल्याचा आळ घ्यायची. मला सगळं माहीत होतं, पण पंपाला कोण विचारतो?

महानंदाही काही कमी नव्हती बरं का. टमाट्यावर फवारा चालला की बांधावरून ओरडायची, "आवो, त्या कोपऱ्यातल्या दोन वळीला नका मारू! ते घरचं हाय!" दोन ओळी घरच्या, आणि उरलेल्या तीस लातूरच्या. तुमच्या, ताई. रागावू नका, तेव्हा सगळा गाव असंच करायचा.

मग एक दिवस ती टमाट्याचे क्रेट घेऊन लातूरला आली. आदल्या दिवशी सकाळीच मी त्या टमाट्यांवरून फिरलो होतो. एक बाई नातीला घेऊन भाव करत होती. भाव जुळेपर्यंत त्या चिमुरडीनं ढिगातला एक टमाटा उचलला आणि तोंडाला लावला. महानंदाचा हात असा पुढं गेला आणि तिनं तो टमाटा पोरीच्या हातातून हिसकावून घेतला. पोरगी रडायला लागली. आजी कडाडली, "एका टमाट्यासाठी लेकराच्या तोंडातलं ओढता? एवढ्या का दरिद्री झालात?" महानंदानं तो टमाटा क्रेटमागं टाकला. दरिद्री म्हणवून घेणं परवडलं, पण खरं कारण सांगायची तिची छाती झाली नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर ऐकलं. मलप्पा माझ्यात पाणी भरत होता आणि ती समोर उभी राहिली.

"म्या तिथं इकायला बसले हुते का राखण करायला?" ती म्हणाली. "आता असलं पिकवायचं, की कुण्या लेकराच्या हातातलं ओढायला लागू नये. ठेवा तो पंप खाली."

झालं, माझी दारू सुटली.

सोडून देणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मला धुण्याच्या सोड्यानं खरवडलं, सात पाण्यांतून काढलं, आठ दिवस उन्हात उपडं घातलं आणि पोटावर लाल रंगानं लिहिलं 'ताकाचा'. तांब्याच्या हंड्यात आठ दिवस आंबवलेलं ताक माझ्या नशिबी आलं. वर दशपर्णी. म्हणजे कडुनिंब, रुई, सीताफळ, धोतरा असला दहा झाडांचा पाला गोमूत्रात महिनाभर कुजवलेला. इतकी वर्षं जहाल विषं पचवली, कधी ढेकर आला नाही. दशपर्णीच्या पहिल्या घोटाला मात्र झाकणातून उलटी झाली.

पहिल्या वर्षी टमाटे लिंबाएवढे आले, आणि त्यातही आधी अळ्यांनी जेवून घेतलं. शेजारचा अण्णाराव बांधावर येऊन दात काढायचा. "वहिनी, टमाट्याला ताक पाजता, आमाला निदान च्या तरी पाजा की." दुसऱ्या वर्षी जमीन भुसभुशीत झाली. महानंदाचा पाय रुतायला लागला आणि ढेकूळ फोडलं की गांडुळं निघायला लागली. नुसतं ताक असलं की नोझल आता ती स्वतः फुंकायची आणि थुंकण्याऐवजी ओठ चाटायची. "जरा मीठ पायजे हुतं," असं म्हणायची. मलप्पाला घरातली भाजी गोड लागायला लागली, आणि त्याचं श्रेय त्यानं अर्थातच बायकोला दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी टमाटे असे लाल झाले की अण्णाराव बांधावर यायचा आणि काही न बोलता परत जायचा.

गावात विषमुक्त शेती करणाऱ्या बायकांचा एक गट होता. सुकन्या त्याची प्रमुख, हातात वही, कानावर पेन. तीन वर्षं विषाचा थेंब लागला नाही, तर गटाची पाटी आणि लातूरच्या रविवार बाजारात टेबल. तपासणी बायकाच एकमेकींची करायच्या. बाहेरचा माणूस बांधावरून बघून निघून जातो. बायका पान उलटून बघतात, आणि कुणाच्या घरी काय शिजतं हेही त्यांना ठाऊक असतं. महानंदाच्या तपासणीला आठच दिवस राहिले होते.

नेमकी तेव्हा ती दोन दिवस माहेरी अहमदपूरला गेली. जाताना बजावून गेली, "पंप कुणाला द्यायचा न्हाई." ती एसटीत बसली आणि अण्णाराव दारात हजर.

"मलप्पा, माझ्या पंपाचं वायसर गेलंय रे. उसात तण लई माजलंय. दोन टाक्या मारतो अन देतो."

"आरं, तो ताकाचा हाय."

"मग काय झालं? धुऊन देतो की. शेजाऱ्याला न्हाई म्हणतोस व्हय?"

मलप्पानं आयुष्यात बायकोला पुष्कळ वेळा नाही म्हटलंय, पण शेजाऱ्याला? ते त्याला जमत नाही. त्यानं मला देऊन टाकलं.

त्या दिवशी मी पुन्हा प्यायलो. तणनाशक. संध्याकाळी अण्णारावनं मला काथ्यानं घासून बाहेरून असं लख्ख केलं की माझं मलाच ओळखू येईना. दुसऱ्याची वस्तू रिकामी परत देऊ नये ही आपली रीत. म्हणून त्यानं दांड्याला अंबाडीची जुडी बांधली. पण रीत त्यानं जरा जास्तच पाळली. माझ्या तळाशी बोटभर तणनाशकही तसंच राहिलं.

महानंदा परत आली. सकाळी तिनं माझ्यात ताक ओतलं, दशपर्णी ओतली. त्या वासापुढं दुसरा कुठला वास येणार? मी माझ्या परीनं सगळं केलं. दांडा अडकवला, नळीतून गळलो. ती म्हणाली, "काय रे, म्हातारा झालास का?" आणि प्रेमानं दांड्याला खोबरेल तेल लावलं. मी तिच्या पाठीवर बसून तिच्याच टमाट्यांवर विष मारत गेलो. आयुष्यात इतकी पापं केली, पण लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

तिसऱ्या दिवशी पानं पिळवटली, शेंडे मुरगळले. अण्णाराव म्हणाला, "ताक बाधलं, वहिनी." मलप्पा म्हणाला, "रोग असंल काई तरी," आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. त्याला संशय आला होता. 

महानंदा बांधावर बसली. रडली नाही. म्हणाली, "लोक खरं बोलायलेत. ताकानं न्हाई व्हत. उद्या निलंग्याला जाऊन औषध घेऊन या." ते ऐकून मला वाटलं, आपण फुटून जावं.

पण त्याआधी तपासणी आली. सुकन्या आणि दोन बायका. सुकन्या ओळीओळीनं चालत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"अक्का, फवारा कुठनं सुरू केला हुता?"

"हिरीकडनं."

"मग हे बगा. हिरीकडच्या पयल्या चार वळी मेल्या. पुढच्या चार जराशा वाकड्या. त्याच्या पुढं कायच न्हाई. रोग असा वळी मोजून खातो का? पयल्या टाकीतच कायतरी हुतं." तिनं माझं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि चटकन मागं सरली.

मलप्पा चार पावलं पुढं आला. "अण्णारावला दिला हुता म्या. तणनाशकाला."

महानंदानं त्याच्याकडं बघितलं. "धुतला हुता का?"

"धुतला हुता." मग खाली बघून, "भायेरनं."

एक बाई फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून गप्प झाली.

सुकन्यानं कानावरचं पेन काढलं, पण लिहिलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तणनाशक लिवलं तर हे रान वरीसभर मागं जातं. रोग लिवलं तर येत्या रविवारी लातूर. आमी तिघीच हाव इथं. तुमची चूक बी न्हाई."

"रोग लिव की माय," मलप्पा म्हणाला. 

महानंदानं मेलेल्या ओळीतलं एक पान खुडून हातात घेतलं.

"तणनाशक लिव," ती म्हणाली. "रोग लिवला तर ताक हरलं म्हणतील. ते बी सोसंन मी. पण लातूरला कुण्या लेकरानं टमाटा उचलला, तर ह्यो हात पुन्यांदा पुढं जाईल. तीन वर्सं काय पाटीसाठी काढली का मी?"

सुकन्यानं लिहिलं. तणनाशक. खाली महानंदानं सही केली, आणि मलप्पानंही केली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

त्या चार ओळी त्यानं एकट्यानं उपटल्या. अण्णारावनं दुसऱ्या आठवड्यात नवा कोरा पंप आणून दिला. महानंदानं आधी झाकण उघडून तळाशी बोट फिरवलं, मगच घेतला. आता तो नवा कुलपात असतो आणि किल्ली तिच्या कमरेला. माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. तणनाशकाची चव प्लास्टिकात मुरते, ती सोड्यानंही निघत नाही.

भंगारात जाईन असं वाटलं होतं. पण ते वरीस सरलं, पाटी मिळाली, आणि दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा टेबल लागलं तेव्हा ती मला उचलून घेऊन आली. तुमच्यासारखं कुणी विचारतं, "खरंच विषमुक्त आहे का हो?" आणि तरी सगळ्यांत चकचकीत वांगं शोधत असतं, तेव्हा ती कागद दाखवत नाही. मला दाखवते आणि सगळं सांगते, नवऱ्याचं 'भायेरनं'सुद्धा. मलप्पा मागं क्रेट उचलत उचलत हसतो. लोक आधी माझ्यावर हसतात, मग पिशवी उघडतात.

माझी एकच विनंती आहे, ताई. कधी गावाकडं कुणाला काही उसनं दिलंत, तर परत घेताना आतून बघा. आणि मला म्हाताऱ्याला पापी म्हणू नका, मी आता ताकसुद्धा पीत नाही.

थांबा. आजपर्यंत आम्ही पालेभाजी अन् वांगी आणायचो. टमाटे आज पहिल्यांदा आणलेत. आणि ती बघा, पिवळ्या फ्रॉकमधली पोरगी, आईचा हात सोडून टेबलापाशी आलीय. ढिगातला एक उचललाही तिनं. तोंडाला लावला.

महानंदाचा हात पुढं गेला. सवयच ती. टमाट्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग तिनं पदराचं टोक घेतलं, पोरीच्या हनुवटीवरून ओघळणारा रस पुसला आणि विचारलं, "गोड हाय का गं, माय?"