एसजीपीटी चौदाशे ऐंशी

माह्या नवऱ्याचे, अंकुरचे, डोळे हळदीवानी पिवळे झाले. आधी कावीळ म्हनून मंतरून आनलं, मंग मंगरूळपीरच्या दवाखान्यात नेलं. लिव्हरचा एसजीपीटी चाळीसच्या आत पाहिजे, तो निघाला चौदाशे ऐंशी. अन् खाली लिवलेलं, हेपॅटायटिस बी.

रिपोर्ट देनारी पोरगी म्हनली, "हे रक्तातून लागते, नाईतर नवरा-बायकोच्या संबंधातून. तुमीबी तपासा." माहा रिपोर्ट साफ निघाला. मंग झालंच ना! माह्यापासून नाई, त कोनापासून? डोक्यात एकच नाव आलं, पल्लवी.

आमी भाजीवाले. बाजारात हे वांगे विकतात, अन् बाजूच्या दुकानावर ही पल्लवी मेथी विकते. "अंकुरभाऊ, अंकुरभाऊ" करत दिवसभर दात काढते. भाऊ म्हनते, अन् यायच्या डब्यातली भाकर खाते! माह्या हातची भाकर! दोन वर्सं झाले, मी तिच्या नावानं जळून राह्यली होती. रिपोर्टानं त आगीत तेलच ओतलं.

मी तशीच बाजारात गेली. भर गिऱ्हाइकांत तिले म्हनलं, "माह्या संसाराले रोग लावला तुनं, भवाने!" ती मेथीच्या जुड्या बांधत राह्यली. घरी आल्यावर यायच्याशी बोलनंच बंद केलं. ताट दारातून सरकवलं की झालं. आठ दिवस.

नवव्या दिवशी दोघंबी डॉक्टरकडं गेलो. एसजीपीटी नऊशेवर उतरला होता. डॉक्टरनं अँटिबॉडीचा कागद पाह्यला. "आयजीएम पॉझिटिव्ह. म्हणजे लागण ताजी आहे, गेल्या काही महिन्यांतली. कुठं इंजेक्शन, रक्त, दाढी, गोंदण?"

यायनं माह्याकडं पाह्यलं नाई. गपचूप बाही वर केली. दंडावर हिरवं नाव, माहं, सुप्रिया.

आई वं! ते त मीच गोंदवलं होतं. तीन महिन्यांमागं, जत्रेत. एकच सुई, एकच शाईची वाटी, अन् आमच्या पुढं पंधरा जन. हे नाई म्हनत होते. मीच हट्ट धरला, "वांगे तोलतानी त्या पल्लवीले दिसलं पाहिजे, मानूस कोनाचा हाय ते."

डॉक्टरनं मले लस घ्याले सांगतली, अन् पुन्हा तपासाले. बाहेर आल्यावर मी यायले इचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"

"तुनं इचारलं कवा?"

मी तिथूनच बाजारात गेली, पल्लवीची माफी मांगाले. पाहते त काय, आमचे वांगेबी तीच विकून राह्यली होती. मी तोंड उघडाच्या आधीच म्हनली, "नऊशेवर आला ना वैनी? उतरून राह्यला, चांगलं हाय."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. मले आज समजलं, अन् हिले माह्याआधी! "तुले कोनं सांगतलं वं?"

"अंकुरभाऊनं. काल मोबाईलवर रिपोर्ट आला म्हने. मी रोज फोन लावते. घरात कोनी बोलत नाई म्हनत होते. आजारी मानसानं कोनाशी त बोलावं ना, वैनी?"

मी पुन्हा जळली. पन या खेपेले वरडाले माह्यापाशी काई नोयतं. माफीबी मांगली नाई. तशीच घरी आली. हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी बाजूले बसली. कुठं दुखते, हे मी यायले त्या दिवशी पयल्यांदा इचारलं.