शिडीवरचा बिल्ला

खलाशांच्या विश्रामघराचं स्वयंपाकघर आक्काच्या ताब्यात होतं, आणि खरं सांगायचं तर विश्रामघरही. साहेब खुर्चीत बसायचे, पण उठायचं कधी ते आक्का ठरवायची. समुद्रापलीकडच्या विश्रामघरानं 'आमचं काम बघायला या' असं बोलावणं धाडलं, तेव्हा साहेबांच्या आधी आक्काची बॅग दारात होती.

कारण तिनं सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा धाकटा मुलगा त्याच बंदरात जहाजावरून उतरला तो परत चढलाच नव्हता. गोदीच्या फाटकातून बाहेर पडताना कुणी पाहिला नाही, पाण्यातही सापडला नाही. आक्का मात्र विचारणाऱ्याला सुनवायची, "तिकडचीच कुणी बायको केली असेल. भूक लागली की येईल. तुमचं काय खातोय?"

पलीकडे पोचल्यावर तिकडच्या विश्रामघराची गाडी न्यायला आली, ती चालवायला लंबू होता. पूर्वी तो आक्काच्याच हाताखाली भांडी घासायचा. आता खलाशांची ने-आण करायचा. तो आक्काच्या पाया पडला, पण मान काही वर करेना.

"काय गिळून बसलायस? ओक."

"आक्का, धाकट्याचं जहाज आलंय. तुम्ही येणार कळलं, तर जहाजावरच्यांनी निरोप धाडलाय. एकदा वर या म्हणून."

भर दुपारी गोदीत धुकं असं दाटलं होतं, की जहाज दिसायच्या आधी त्याचा गंजकट वासच आला. शिडी चढून गेल्यावर वरच्या टोकाशी एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांना बिल्ले टांगलेले, प्रत्येकावर एकेकाचं नाव. माणूस जहाजावर असला की हिरवी बाजू, खाली उतरला की तांबडी. ज्याचा बिल्ला त्यानंच फिरवायचा. नाहीतर आग लागली की नको त्याला शोधत बसायचं.

"मावशी," खलाशांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल म्हणाला, "तुमच्या मुलानं जाताना तांबडी बाजू केली होती. आम्ही तशीच ठेवली. बंदर मागं पडलं आणि सकाळी बघतो तर हिरवी."

"तुमच्यात चेष्टेखोर काय कमी असतील?"

"आणि त्याच्या खोलीचं दार? लावलं की उघडं."

धाकट्यानं जन्मात दार लावलं नव्हतं. 'दार लावायला तुझा बाप नोकर ठेवून गेलाय का?' हे वाक्य तिनं भांडी विसळता विसळता इतकं म्हटलं होतं, की शेजारणींनाही पाठ झालं होतं.

ती स्वतः गेली. खोलीत घडी घातलेली गादी, बाकी काही नाही. दार ओढून घेतलं, बाहेर उभी राहिली. दाराची मूठ हळूच खाली गेली. घाईनं नाही, आंघोळ करून निघालेल्या माणसानं दाबावी तशी. दार उघडलं आणि तसंच राहिलं.

"तो बिल्ला रक्ताच्या माणसानं फिरवला तरच चालेल," तांडेल म्हणाला. "उतरवा त्याला. फिरतोय बिचारा आमच्याबरोबर, ना पगार ना घर."

"आणि फिरवला म्हणजे..."

पुढचं तिनंच मनात पुरं केलं. पोर इथं असेल, तर तिकडच्या कुणा बायकोच्या घरात नाही. कुठंच नाही.

"मग घरी लोक विचारतील त्यांना काय सांगू?" आक्कानं विचारलं. आयुष्यात तिनं कुणाला सल्ला विचारला नव्हता.

तिनं पदरानं बिल्ला पुसला आणि तांबडी बाजू वर केली.

"चल."

ती शिडी उतरू लागली. तांडेल वरच होता, तरी मागची पायरी दबत होती. आक्कानं वळून पाहिलं नाही.

"सावकाश," ती एवढंच म्हणाली. "ओलं आहे."

लंबूनं गाडीचं सरकतं दार धरलं. "लावू, आक्का?"

"थांब."

धुकं आत आलं. मागची सीट करकरली. लंबूचा हात आपोआप दारावरून सुटला.

आक्का समोर बघत म्हणाली, "दार लावायला तुझा बाप नोकर ठेवून गेलाय का?"

दार सावकाश सरकत आलं आणि लागलं. जन्मात पहिल्यांदा, एकदाच सांगितल्यावर.

"चल रे लंबू," ती म्हणाली. पदर तोंडाशी होता, पण आवाज तोच, करडा. "विचारू देत घरी. सांगेन, मीच आणायला गेले होते."